नोकरीपूर्वी ‘सिबिल’ : कोणाचे पाहावे, कसे वाचावे आणि केव्हा सोडून द्यावे

जळगावातील पतसंस्था, सराफी पेढ्या आणि औद्योगिक वसाहतीतील डाळमिल यांच्यासाठी माणसे निवडण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे. या कामात हल्ली एक प्रश्न हमखास येतो : “मुलगा पसंत आहे, त्याचे सिबिल काढून घ्यायचे का?” यातील ‘काढून घ्यायचे’ या शब्दांतच पहिली चूक दडलेली आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

‘सिबिल’ हे मुळात लोकांच्या कर्जांची आणि हप्त्यांची नोंद ठेवून तिचा अहवाल देणाऱ्या, २००० साली स्थापन झालेल्या एका कंपनीचे नाव आहे. आता तिचे नाव ट्रान्सयुनियन सिबिल असे आहे. तिच्याखेरीज एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा आणखी तीन कंपन्या हेच काम करतात. या चौघींवर २००५ चा पतमाहिती कंपन्या (विनियमन) कायदा लागू आहे. कोणाची माहिती कोणाला द्यायची, हे तो कायदा आणि त्याखालचे नियम ठरवतात. बँका आणि वित्त कंपन्या सभासद म्हणून ही माहिती पाहू शकतात, आणखी काही संस्था ‘विनिर्दिष्ट वापरकर्ते’ म्हणून पाहू शकतात. परंतु माणूस कामावर ठेवू पाहणारा सर्वसाधारण मालक यांपैकी कशातच बसत नाही. बँक स्वतः भरती करते तेव्हा ती जाहिरातीतच तशी अट घालते आणि नोंद तपासते. डाळमिलच्या मालकाला तो मार्ग खुला नाही.

मग आपल्याकडे सहसा काय होते, तर मालकाच्या ओळखीचा एखादा बँक कर्मचारी असतो, त्याला पॅन क्रमांक पाठवला जातो आणि संध्याकाळपर्यंत उमेदवाराचा पतअहवाल व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. हे काम कधीही करू नये. अधिकार नसताना ही माहिती मिळवणे हा त्या कायद्याखाली गुन्हा असून त्यासाठी एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे; शिवाय तो कर्मचारी स्वतःची नोकरी धोक्यात घालतो, हे वेगळेच. दुसरे असे की, बँकेने अहवाल उघडला की त्याची ‘एन्क्वायरी’ म्हणून नोंद राहते, आणि रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या आदेशानंतर संबंधित व्यक्तीला तसा एसएमएस किंवा ई-मेल जाणे अपेक्षित आहे. म्हणजे आपण गुपचूप चौकशी केली असे मालकाला वाटत असते, तेव्हा पारोळ्यात घरी बसलेल्या मुलाच्या फोनवर, ज्या बँकेत त्याने कधी पाऊल ठेवले नाही तिने त्याचा अहवाल पाहिल्याचा संदेश आलेला असतो.

तेव्हा वैध मार्ग एकच उरतो : उमेदवाराने स्वतःचा अहवाल स्वतः काढावा आणि स्वखुशीने तुम्हाला दाखवावा. प्रत्येक कंपनीने प्रत्येक व्यक्तीला वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश असल्यामुळे उमेदवाराला यासाठी खर्च येत नाही. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने त्यातील गुण (ज्याला लोक ‘सिबिल स्कोअर’ म्हणतात) कमी होत नाहीत, हेही त्याला सांगावे, कारण त्याविषयीची भीती फार पसरलेली आहे.

कोणाकडे मागावा?

माझे मत असे आहे की दहांपैकी नऊ जागांसाठी हा अहवाल मागण्याचे काहीच कारण नसते. जिनिंगमधील फिटर, शाळेतील लिपिक, केळीच्या ट्रकवरील चालक, संगणकावर बिले करणारी मुलगी यांनी फ्रिजचे हप्ते वेळेवर भरले की नाही, याचा त्यांच्या कामाशी संबंध नाही. ज्याच्या हातात दुसऱ्याचा पैसा देखरेखीशिवाय राहतो त्याच्यापुरताच हा प्रश्न उपस्थित होतो : पतसंस्थेचा रोखपाल, कर्ज मंजुरीचा अधिकारी, सोने तारण विभागातील माणूस, हंगामात कापसाच्या खरेदीसाठी रोख रक्कम घेऊन गावोगाव फिरणारा मुनीम. एवढ्या चार-पाच प्रकारच्या जागा सोडल्यास हा कागद मागूच नये, आणि जागेच्या जाहिरातीतच तो मागणार असल्याचे लिहावे.

या कागदाकडून किती अपेक्षा ठेवावी, याविषयी एक गोष्ट लक्षात असू द्यावी. नोकरीपूर्वी पतअहवाल पाहण्याची पद्धत मुख्यतः अमेरिकेतली आहे. तिथे १९७० पासून यासाठी स्वतंत्र कायदा आहे; त्यानुसार मालकाला उमेदवाराची लेखी परवानगी घ्यावी लागते, आणि अहवालामुळे नकार द्यायचा झाल्यास त्याआधी अहवालाची प्रत त्याच्या हातात द्यावी लागते. मालकांना तिथे गुण दाखवलेच जात नाहीत, फक्त कर्जांचा तपशील मिळतो. एवढे असूनही इलिनॉय आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी बहुतेक जागांसाठी ही पद्धत बंद केली. २०१० मध्ये ओरेगॉन राज्याच्या विधिमंडळापुढे या विषयावर चर्चा झाली, तेव्हा ट्रान्सयुनियनच्याच प्रतिनिधीने सांगितले की अहवालातील नोंदी आणि माणसाचे काम किंवा अफरातफरीची शक्यता यांचा सांख्यिकीय संबंध दाखवणारे संशोधन आपल्याकडे नाही. ट्रान्सयुनियन म्हणजे आपल्या सिबिलची पालक कंपनी. विकणाऱ्यानेच जी हमी दिली नाही ती घेणाऱ्याने गृहीत धरू नये.

खानदेशात तर हे सांगण्यासाठी ओरेगॉनपर्यंत जाण्याची गरज नाही. आपल्या जिल्ह्यातील अनेक पतसंस्था अडचणीत आल्या आणि ठेवीदारांचे पैसे वर्षानुवर्षे अडकले. त्या काही रोखपालाच्या मोटारसायकलचे दोन हप्ते थकले म्हणून बुडाल्या नाहीत.

मागण्याची रीत

अर्जासोबत अहवाल मागू नये. मुलाखत झाली, काम करून पाहिले, आधीच्या मालकाशी बोलणे झाले, निवड ठरली, आणि नेमणुकीचे पत्र द्यायचे बाकी आहे, अशा टप्प्यावर फक्त त्या एका उमेदवाराकडे तो मागावा. पन्नास अर्जदारांचे पन्नास अहवाल कपाटात ठेवणे म्हणजे पन्नास घरांची उणीदुणी सांभाळत बसणे होय. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत. मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी लागू होणार असल्या तरी सवय आतापासूनच लावून घेतलेली बरी.

मागणी लेखी असावी. मी वापरतो तो मजकूर साधारण असा असतो : “आपली निवड रोखपाल या पदासाठी करण्यात आली आहे. या पदावर रोख रकमेची जबाबदारी असल्यामुळे आपण आपला गेल्या तीस दिवसांतील पतअहवाल स्वतः काढून आमच्या व्यवस्थापकांना समक्ष दाखवावा. अहवाल वाचून आपणास परत केला जाईल, त्याची प्रत ठेवली जाणार नाही. त्यातील कोणत्याही नोंदीविषयी आपले म्हणणे ऐकल्याशिवाय निर्णय घेतला जाणार नाही. केवळ गुणांवरून निर्णय घेतला जाणार नाही.” शेवटची दोन वाक्ये काही मालकांना नकोशी वाटतात. ती काढायची असतील तर अहवालही मागू नये, असे मी त्यांना सांगतो.

अहवाल काढताना उमेदवाराच्या फोनवर ओटीपी येतो. तो मालकाने किंवा कार्यालयातील कोणी मागू नये, आणि उमेदवाराचा फोन हातात घेऊन “आण, मीच काढतो” असेही करू नये. समोरचा माणूस नोकरीच्या आशेने नाही म्हणणार नाही; पण ती संमती नव्हे.

अहवाल वाचणे

हे काम शांतपणे, निदान अर्धा तास देऊन करावे. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात ३०० ते ९०० यांमधील एक आकडा असतो. तो झाकून ठेवावा. हा आकडा कर्ज देणाऱ्यासाठी तयार केलेला आहे. कार्डाची मर्यादा किती वापरली, कर्जे किती जुनी आहेत, अलीकडे किती ठिकाणी अर्ज केले, अशा गोष्टींवरून तो वरखाली होतो. यांतील बहुतेकांचा रोखपालाच्या कामाशी संबंध नाही. एखाद्याने कधी कर्जच घेतले नसेल तर तिथे आकड्याऐवजी ‘एनएच’ किंवा उणे एक असे काही दिसेल. त्याचा अर्थ इतिहास नाही, एवढाच. धडगाव किंवा अक्कलकुव्याकडील पहिल्या पिढीतील पदवीधर मुलीचा अहवाल असा कोरा असणे स्वाभाविक आहे, आणि तो तिच्याविरुद्ध वापरणे अन्यायाचे आहे.

त्यानंतर नाव, जन्मतारीख, पॅन आणि पत्ते नीट जुळवावेत. ही पायरी इतर ठिकाणी औपचारिक असेल, खानदेशात ती अत्यावश्यक आहे. एकाच गावात एकाच नावाचे, वडिलांचेही नाव तेच असलेले तीन पाटील किंवा दोन महाजन सहज सापडतात, आणि जुन्या कर्जाच्या नोंदीत पॅन नसेल तर एकाचे कर्ज दुसऱ्याच्या अहवालात जाऊन बसते. चाळीसगाव तालुक्यातील एका उमेदवाराच्या अहवालात मी ट्रॅक्टरचे थकीत कर्ज पाहिले होते. त्याच्या घरात ट्रॅक्टरच काय, शेतही नव्हते. चौकशी केल्यावर ते त्याच्या नावाच्या चुलत चुलत्याचे निघाले.

आता खात्यांच्या यादीकडे यावे. प्रत्येक खात्यासमोर मालकीचा प्रकार लिहिलेला असतो : वैयक्तिक, संयुक्त किंवा जामीनदार. आपल्याकडे नोकरी लागलेला प्रत्येक माणूस कोणाचा तरी जामीनदार असतोच. मेहुण्याला किंवा भावकीतल्या कोणाला नाही म्हणता येत नाही. जामीनदार म्हणून थकीत दिसणारे कर्ज हा त्या माणसाच्या भिडस्तपणाचा पुरावा असू शकेल, बेइमानीचा नव्हे. त्याविषयी विचारावे जरूर, कारण वसुलीचा बोजा त्याच्यावर येण्याची शक्यता असते. पण ते स्वतःच्या कर्जाच्या रांगेत धरू नये. संयुक्त खात्यांमध्ये बहुधा शैक्षणिक कर्ज सापडते. अभ्यासक्रम आणि त्यानंतरचे साधारण वर्षभर हप्ता नसतो. त्यानंतर नोकरी असो वा नसो, हप्ता सुरू होतो. पुण्याला अभियांत्रिकी शिकून परत आलेल्या आणि दोन वर्षे काम न मिळालेल्या मुलाचे कर्ज थकणारच, आणि नोकरी दिल्याशिवाय ते फिटणारही नाही. ही नोंद पाहून त्याला नकार देणारा मालक त्या थकबाकीला हातभारच लावतो.

हप्त्यांचा इतिहास महिन्यांच्या चौकटीत, ३६ महिन्यांपर्यंत, दिलेला असतो. चौकटीतील आकडा म्हणजे त्या महिन्यात किती दिवस उशीर झाला ते. ‘०००’ म्हणजे वेळेवर, ‘एक्सएक्सएक्स’ म्हणजे बँकेने माहितीच दिलेली नाही. नंतरची खूण पाहून दचकू नये. एकाच काळात सगळ्या खात्यांवर उशीर दिसत असेल आणि पुढे ते सगळे सुरळीत झाले असेल तर त्या काळात घरी काहीतरी घडले होते, असे समजावे : आजारपण, मृत्यू, बंद पडलेली मिल. याउलट गेल्या सहा महिन्यांत पाच-सहा ठिकाणी छोटी कर्जे, मोबाइल अ‍ॅपवरील उधारी, आणि प्रत्येक नवे कर्ज जुने फेडण्यासाठी घेतल्यासारखे दिसत असेल तर रोखीच्या जागेसाठी मी थांबतो आणि बोलतो. माझ्या अनुभवात जुन्या थकबाकीपेक्षा हे चित्र जास्त विचार करण्यासारखे असते, कारण तो दाब आज, आत्ता त्या माणसावर आहे.

शेतीकर्जाची नोंद मात्र नोकरदाराच्या चष्म्यातून वाचता येत नाही. वडील गेल्यावर सातबारा ज्याच्या नावावर आला त्या मुलाच्या अहवालात राष्ट्रीयीकृत बँकेचे किसान क्रेडिट कार्ड दिसते. घरकर्ज नव्वद दिवस थकले की अनुत्पादक (एनपीए) ठरते. कपाशीसारख्या अल्प मुदतीच्या पिकाचे कर्ज मात्र दोन हंगाम थकल्यानंतर तसे ठरते, कारण पैसा पिकाबरोबरच येतो. त्यात महाराष्ट्रात २०१७ मध्ये दीड लाखांपर्यंतची आणि २०१९ मध्ये दोन लाखांपर्यंतची कर्जमाफी झाली. माफीत बसलेले खाते काही अहवालांत ‘सेटल्ड’ किंवा ‘रिटन ऑफ’ अशा शब्दांत दिसू शकते. हे शब्द सामान्यतः वाईट मानले जातात : ‘सेटल्ड’ म्हणजे तडजोडीने कमी रक्कम घेऊन मिटवलेले, ‘रिटन ऑफ’ म्हणजे बँकेने वसुलीची आशा सोडून निर्लेखित केलेले. परंतु सरकारच्या योजनेत नाव आले म्हणून शेतकऱ्याच्या मुलाला रोखपाल होण्यास अपात्र ठरवणे हा निव्वळ अडाणीपणा होईल. कर्जमाफीचे प्रमाणपत्र किंवा बँकेचे पत्र मागावे आणि विषय संपवावा.

महिला उमेदवारांच्या अहवालात गटाच्या सूक्ष्म कर्जाच्या नोंदी असतात, आणि त्या चारही कंपन्यांकडे सारख्याच दिसतील असे नाही. अनेकदा पैसा घरातील पुरुषाने वापरलेला असतो, सही आणि नोंद मात्र तिची असते. हेही बोलल्याशिवाय कळत नाही.

आणि आता सर्वांत मोठी गफलत : जे अहवालात नाही ते. अनेक पतसंस्थांची कर्जे या कंपन्यांपर्यंत पोहोचतच नाहीत. सावकाराचे कर्ज, भिशीची उचल, सोनाराकडील उधारी यांची नोंद कुठेच नसते. म्हणून ८०० गुणांचा माणूस गळ्यापर्यंत कर्जात असू शकतो, आणि ज्याच्या अहवालावर लाल खुणा आहेत त्याच्यावर पै-पैचा विश्वास टाकता येऊ शकतो. पगारातून कपातीचे पत्र पुढे एखाद्या पतसंस्थेकडून येईल की काय, एवढीच मालकाची खरी काळजी असेल, तर ती सरळ विचारून घ्यावी; सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४९ खाली कर्जदाराने लिहून दिलेल्या करारानुसार संस्था अशी मागणी मालकाकडे करू शकते.

बोलणे आणि ठरवणे

शंका आली तर उमेदवाराला एकट्याला बोलवावे. नातेवाईक, शिफारस करणारा काका किंवा कार्यालयातील इतर कर्मचारी समोर नसावेत. आपल्या गावांत ‘त्याचे सिबिल खराब निघाले’ हे वाक्य दोन दिवसांत सोयरिकीपर्यंत पोहोचते. नोंद त्याच्यापुढे ठेवून “हे कशाचे आहे, सांगाल का?” एवढेच विचारावे आणि गप्प बसावे. उत्तराला कागदाचा आधार असेल तर तो पाहावा, त्यासाठी आठ-पंधरा दिवस द्यावेत, आणि तोवर जागा दुसऱ्याला देऊ नये.

नकार द्यायचाच झाला तर कोणत्या नोंदीमुळे ते लेखी सांगावे. बहुतेक वेळा मात्र नकाराऐवजी जागेची रचना बदलून काम भागते : तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे, रोजच्या रोख शिलकेवर दोन सह्या, महिन्यातून एकदा न सांगता मोजणी, आणि विमा कंपनीकडून निष्ठा हमीची, म्हणजे कर्मचाऱ्याच्या अफरातफरीचे नुकसान भरून देणारी, पॉलिसी. ज्या संस्थेत ही व्यवस्था नाही तिथे निष्कलंक अहवालाचा रोखपालही धोक्याचाच. रजिस्टरमध्ये ‘अहवाल पाहिला, तारीख अमुक’ एवढीच नोंद ठेवून कागद परत करावा.

उमेदवारासाठी

बँक भरतीची तयारी करणाऱ्यांनी हा विषय परीक्षेच्या निकालावर ढकलू नये. सरकारी बँकांसाठी सामाईक भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या २०२३ च्या भरतीत किमान ६५० गुणांची अट आली होती. पुढे किमान आकड्याची अट गेली, पण प्रतिकूल नोंद असल्यास रुजू होण्यापूर्वी ती दुरुस्त करून घ्यावी किंवा कर्ज देणाऱ्या संस्थेची ‘बाकी नाही’ अशी एनओसी (ना हरकत पत्र) द्यावी, नाहीतर नेमणूक रद्द होऊ शकते, असा नियम राहिला. स्टेट बँकेच्या जाहिरातींत थकबाकीदारांविषयी स्वतंत्र कलम असते. अशाच एका कलमाच्या आधारे रद्द केलेली अधिकारीपदाची नेमणूक मद्रास उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये योग्य ठरवली. उमेदवाराने कर्ज नंतर फेडलेले असल्याचा मुद्दा तिथे उपयोगी पडला नाही. म्हणून कलमाचे शब्द प्रत्येक जाहिरातीत नव्याने वाचावेत.

फॉर्म भरायच्या आठवड्यातच चार कंपन्यांपैकी निदान दोघींचे मोफत अहवाल काढावेत. चूक आढळल्यास त्या कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी आणि संबंधित बँकेच्या शाखेतही लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. तीस दिवसांत निवारण झाले नाही तर पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. त्यानंतरही दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. १४४४८ या क्रमांकावर मराठीतूनही माहिती मिळते. ‘सेटल्ड’ झालेले खाते असेल तर राहिलेली रक्कम भरून ते ‘क्लोज्ड’ करून घ्यावे. जानेवारी २०२५ पासून बँकांनी निदान दर पंधरवड्याला माहिती पाठवणे अपेक्षित असल्यामुळे बदल साधारण महिन्याभरात दिसायला हवा. तो दिसेपर्यंत एनओसीवर शाखेचा शिक्का, खाते क्रमांक आणि तारीख आहे ना, हे काउंटरवरून हलण्यापूर्वीच पाहून घ्यावे, कारण शिक्का नसलेले पत्र घेऊन रुजू व्हायला गेलेल्या शहाद्याच्या एका मुलाला मी तिथून रातोरात परत शाखेत आलेले पाहिले आहे.